आईचें ताट आणि बाळाचें बीज

"खाण तशी माती" ही म्हण मराठी घरांत मुलीच्या गुणदोषांवरून आईची परीक्षा करावयाची असली म्हणजे सर्रास वापरली जाते. तिचा रोख बहुधा टोमण्याचा असतो. परंतु तिच्या पोटीं असलेला प्रश्न मात्र गंभीर आहे. आईकडून मुलाला नेमकें काय मिळतें? रंगरूप मिळतें, उंची मिळते, आवाजाची ठेवण मिळते, कांहीं रोगांकडे असलेला कलहि मिळतो, हें सर्वांच्या नित्य पाहण्यांतलें आहे. हा वारसा बीजांतून येतो, बीज एकदां ठरून गेलें म्हणजे त्यांत मनुष्याच्या हातीं कांहीं उरत नाहीं, अशी समजूत विसाव्या शतकांत शास्त्रज्ञांतहि पुष्कळ काळ दृढ होती. अलीकडील संशोधनानें तिला एक महत्त्वाची पुरवणी जोडली आहे. बीज तेंच राहतें; परंतु त्यांतील कोणता गुण कितपत प्रकट व्हावयाचा, हें कांहीं अंशीं गर्भाला मिळालेल्या पोषणावर अवलंबून असतें; आणि गर्भाचें पोषण आईच्या ताटांत जें पडलें त्यांतूनच व्हावयाचें असतें. या पुरवणीचा एक मोलाचा भाग परदेशांतील प्रयोगशाळेंत नव्हे, तर पुणें जिल्ह्यांतील खेड्यांत लिहिला गेला आहे. शहरांतील सुशिक्षित कुटुंबांनाहि तो आपल्या घराशीं ताडून पाहण्यासारखा आहे.

शिरूर हें घोड नदीच्या कांठचें, पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें गांव. दौंड हें भीमेच्या कांठचें, रेल्वेच्या जंक्शनामुळें साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक असलेलें. सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो कोसळणारा पाऊस या तालुक्यांपर्यंत पोहोंचतां पोहोंचतां विरून जातो. जेथें कालव्याचें पाणी आलें तेथें ऊंस उभा राहिला. जेथें आलें नाहीं तेथें बाजरी-ज्वारीची जिराईत शेती आणि आभाळाकडे लागलेले डोळे, हें चित्र पिढ्यान् पिढ्या चालत आलें. अशा मुलखांत शेतकऱ्याच्या बायकोचा दिवस पहांटे सुरू होतो. पाणी, सरपण, गुरांचा चारा, स्वयंपाक, नंतर शेतांतील खुरपणी किंवा कापणी, आणि संध्याकाळीं पुन्हां चूल. घरांतील पुरुषांचीं व मुलांचीं पानें उठल्यावर जें उरेल तें तिच्या वाट्याला. तिला दिवस गेले तरी या क्रमांत फारसा फरक पडत नसे. उलट "पोटांत बाळ मोठें झालें तर बाळंतपण अवघड जाईल, तेव्हां बेतानेंच खा," असा सल्लाहि कित्येक घरांत वडीलधाऱ्या बायका मायेपोटींच देत आल्या. डोहाळजेवणाचा दिवस कौतुकाचा खरा. परंतु नऊ महिन्यांत तो एकदांच यावयाचा.

या बाजूच्या खेड्यांशीं पुण्याच्या रास्ता पेठेंतील के. ई. एम. रुग्णालयाचा संबंध जुना आहे. डॉ. बानू कोयाजी यांनीं शिरूर तालुक्यांतील वढू येथें १९७० नंतरच्या दशकांत ग्रामीण आरोग्याचें काम उभें केलें. रोगी शहरांत येईल तेव्हां त्यास औषध द्यावें, एवढ्यावर न थांबतां रुग्णालयानेंच खेड्यापर्यंत गेलें पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. त्या कार्याबद्दल १९९३ सालीं त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच सुमारास त्याच रुग्णालयांतील मधुमेहाचे संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या मनांत एक कोडें घोळत होतें.

कोडें असें कीं, मधुमेह हा स्थूल व सुखवस्तु माणसाचा रोग म्हणून ओळखला जातो. मग भारतांत तो तुलनेनें लहान वयांत आणि दिसावयास सडपातळ असलेल्या माणसांतहि इतका कां आढळावा? याचा एक मजेदार दाखला पुढें २००४ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. त्यांत दोन संशोधकांचें छायाचित्र शेजारीं शेजारीं होतें. एक इंग्रज प्राध्यापक युडकिन, व दुसरे स्वतः डॉ. याज्ञिक. उंचीच्या मानानें वजन मोजण्याचा जो रूढ निर्देशांक आहे, तो दोघांचाहि अगदीं सारखा, २२.३ एवढा भरला. परंतु शरीरांतील चरबी मोजली तेव्हां इंग्रज गृहस्थांत ती ९.१ टक्के, तर पुण्याच्या डॉक्टरांत २१.२ टक्के निघाली. तराजूला जो भेद दिसत नाहीं, तो कातडीच्या आंत असतो, एवढें त्या दोन छायाचित्रांवरून सहज पटतें.

हा भेद कोठून सुरू होतो? इंग्लंडमध्यें डेव्हिड बार्कर यांनीं जुन्या जन्मनोंदी धुंडाळून १९८९ सालीं असें दाखविलें होतें कीं, जन्मतः ज्यांचें वजन कमी होतें त्यांच्यांत पुढें हृदयविकारानें मृत्यु येण्याचें प्रमाण अधिक असतें. म्हणजे प्रौढ वयांतील रोगाचीं मुळें गर्भवासापर्यंत जाऊं शकतात. मग भारतांत, जेथें लहान बाळें जन्मणें हा नित्याचा प्रकार, तेथेंच ही गोष्ट तपासली पाहिजे, असें ठरलें. पुण्यापासून सुमारें ५० किलोमीटर अंतरावरील सहा खेड्यांत १९९३ सालीं मातृपोषणाचें हें संशोधन सुरू झालें. इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल यांचें सहकार्य त्यास लाभलें.

या कामाची पद्धतच त्याचें वैशिष्ट्य होय. गरोदर बाई दवाखान्यांत आली म्हणजे तिची तपासणी करावयाची, हा नेहमींचा मार्ग. येथें मात्र दिवस जाण्यापूर्वींच खेड्यांतील विवाहित तरुण स्त्रियांची उंची, वजन व इतर मापें घेण्यांत आलीं. कार्यकर्त्या दर महिन्यास घरोघर जाऊन पाळीची नोंद करीत; ती चुकली म्हणजे पुढील तपासणीस आरंभ होई. गर्भारपणाच्या अठराव्या व अठ्ठाविसाव्या आठवड्यांत त्या स्त्रियांचें खाणें, त्यांचे कष्ट व त्यांचें रक्त यांची पाहणी झाली आणि बाळ जन्मल्यावर त्याचीं मापें घेतलीं गेलीं. सुमारें ८०० गर्भारपणांचा हा वृत्तांत आहे. त्या स्त्रियांचें गर्भारपणापूर्वींचें सरासरी वजन सुमारें ४२ किलो व उंची १५२ सेंटिमीटर होती. अठराव्या आठवड्यांत त्यांच्या रोजच्या अन्नांतून सरासरीनें सुमारें १,७७० कॅलरी उष्णता व ४५ ग्रॅम प्रथिनें मिळत होतीं. कष्ट करणाऱ्या गर्भिणीस हें अन्न तोकडें होय, हें सांगावयास आहारशास्त्रज्ञ नको.

बाळें लहान होतीं, यांत नवल नव्हतें. त्यांचें सरासरी वजन सुमारें २.७ किलो भरलें. साउदॅम्प्टनच्या गोऱ्या बाळांचें ३.५ किलो. नवल पुढेंच आहे. पोट व स्नायू यांच्या मापांत हीं बाळें इंग्रज बाळांहून फार मागें होतीं. परंतु पाठीच्या कातडीखालील चरबी मोजली तेव्हां ती जवळजवळ तितकीच भरली. बाळाच्या शरीरानें मांस, यकृत व इतर अवयव यांत काटकसर केली, आणि चरबी मात्र राखून ठेवली. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षानें 'कृश पण मेदयुक्त भारतीय बाळ' ही कल्पना जगांतील वैद्यकांत रूढ झाली. पुण्याच्या डॉक्टरांच्या छायाचित्रांत प्रौढपणीं जो भेद दिसला, त्याचा पाया जन्माच्या दिवशींच घातलेला असतो, असा त्याचा अर्थ.

आतां प्रश्न आईच्या ताटाचा. सामान्य समज असा कीं, बाई जितकें अधिक जेवेल तितकें बाळ मोठें होईल. त्या खेड्यांत मात्र भाकरी-भाताच्या एकूण उष्णतेचा किंवा प्रथिनांचा बाळाच्या आकाराशीं ठळक संबंध आढळला नाहीं. संबंध आढळला तो दुसऱ्याच गोष्टींशीं. अठराव्या आठवड्याच्या सुमारास ज्या वारंवार दूध घेत, आणि अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास ज्यांच्या खाण्यांत पालेभाज्या व फळें वारंवार येत, त्यांचीं बाळें मोठीं होतीं. ज्यांच्या अंगावर कष्टांचा बोजा अधिक, त्यांचीं बाळें लहान होतीं. म्हणजे ताटांत किती आहे याइतकेंच, किंबहुना त्याहूनहि अधिक, ताटांत काय आहे यास महत्त्व आलें. मेथी, माठ, शेपू, चाकवत यांसारख्या भाज्यांना ज्या घरांत 'गवत' म्हणून हिणविलें जातें, त्या घरांनीं हा निष्कर्ष दोनदां वाचण्यासारखा आहे.

दुधांत व पालेभाजींत असें काय आहे, याचा शोध संशोधकांस दोन जीवनसत्त्वांकडे घेऊन गेला. एक फॉलेट, हें पालेभाज्यांत व डाळींत असतें, आणि गरोदर स्त्रियांना लोहाबरोबर ज्या गोळ्या दिल्या जातात त्यांत हेंच फॉलिक अॅसिड या रूपानें असतें. दुसरें बी-१२. हें कोणतीहि वनस्पति तयार करीत नाहीं. सूक्ष्म जंतु तें तयार करतात आणि मनुष्यास तें मांस, मासे, अंडीं व दूधदुभतें यांतूनच मिळतें. ज्या घरांत मांसाहार नाहीं किंवा सणावारींच आहे, आणि गोठ्यांतलें दूधहि विकावयास डेअरींत जातें, त्या घरच्या बाईला बी-१२ मिळावें कोठून? त्या गरोदर स्त्रियांच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हां दर तिघींपैकीं दोघींच्या रक्तांत बी-१२ कमी आढळलें. फॉलेट कमी असलेली स्त्री मात्र त्या साऱ्यांत एकच निघाली.

हीच मुलें सहा वर्षांचीं झालीं तेव्हां त्यांची पुन्हां तपासणी करण्यांत आली व तिचे निष्कर्ष २००८ सालीं प्रसिद्ध झाले. इन्सुलिन हा रक्तांतील साखर काबूंत ठेवणारा स्राव. शरीर त्यास दाद देईनासें झालें म्हणजे पुढें मधुमेहाची वाट मोकळी होते. गर्भारपणीं ज्या मातांच्या अंगीं बी-१२ कमी होतें, त्यांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याची ही प्रवृत्ति अधिक दिसली. आणि ती सर्वांत अधिक होती अशा मुलांत, कीं ज्यांच्या मातांत बी-१२ सर्वांत कमी पण फॉलेट सर्वांत जास्त होतें. दोन्ही जीवनसत्त्वें हितकर. परंतु एकाचा तुटवडा व दुसऱ्याची रेलचेल असली तर जोडी बिघडते. याचा उलगडा होण्यासाठीं बीजाच्या, म्हणजे जनुकांच्या, कार्याची थोडी ओळख करून घेणें अवश्य आहे.

मनुष्याच्या शरीरांतील जवळजवळ प्रत्येक पेशींत तींच सुमारें वीस हजार जनुकें असतात. डोळ्याच्या पेशींत असतात तींच यकृताच्या पेशींत. तरीहि डोळा पाहतो व यकृत पाहत नाहीं. कारण प्रत्येक ठिकाणीं कांहीं जनुकें चालू असतात व कांहीं बंद. शिरूर-दौंडच्या शेतकऱ्यास ही गोष्ट चटकन् समजेल. पाटाचें पाणी एकच असतें. परंतु कोणत्या वाफ्यांत किती शिरावयाचें हें दारें धरणारा ठरवितो. कोठें फावड्यानें माती ओढून तो दार बुजवितो, कोठें तें मोकळें करतो. पाट मात्र आहे तसाच राहतो. जनुकांच्या बाबतींत ही माती ओढण्याचें काम पुष्कळ वेळां मेथिल नांवाचा एक अगदीं चिमुकला गट करतो. एक कार्बन व तीन हायड्रोजन, एवढाच त्याचा संसार. जनुकांचा धागा जो डीएनए, त्याच्यावर ठराविक जागीं हा गट येऊन बसतो. ज्या जनुकाच्या आरंभीं अशा खुणा दाट बसतात तें बहुधा गप्प राहतें, जेथें त्या विरळ असतात तें बोलूं लागतें. गर्भाचे अवयव घडत असतां या खुणा पुसल्या जातात व पुन्हां नव्यानें मांडल्या जातात. आणि त्यांतील कांहीं जन्मभर टिकतात.

हे मेथिल गट शरीराला आकाशांतून मिळत नाहींत. ते अन्नांतूनच यावयाचे. फॉलेट मेथिल गट आणून देतो. बी-१२ तो उचलून होमोसिस्टीन नांवाच्या द्रव्यावर ठेवतें. त्यापासून मेथिओनीन तयार होतें, आणि तेंच पुढें जनुकांवर खुणा करण्यास लागणारें मेथिल पुरवितें. बी-१२ अपुरें पडलें म्हणजे हा व्यवहार मध्येंच अडतो. फॉलेट कितीहि असला तरी तो जागच्या जागीं अडकून पडतो व होमोसिस्टीन रक्तांत सांचत जातें. दोन बैलांच्या गाडीला एकच बैल जुंपावा, आणि गाडी चालत नाहीं म्हणून त्याच बैलाला अधिक वैरण घालावी, तसा हा प्रकार. पुण्याच्या व म्हैसूरच्या मातांच्या पाहणींत होमोसिस्टीन जितकें अधिक तितकें बाळाचें वजन कमी, असें आढळलें. आणि २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत मातांच्या आनुवंशिक भेदांचा आधार घेऊन हा संबंध केवळ योगायोगाचा नसून कार्यकारणाचा असावा, असें दाखविण्यांत आलें.

आईच्या अन्नानें संततीच्या जनुकांवरील खुणा खरोखर बदलतात, याचे दाखले इतरत्रहि मिळाले आहेत. अमेरिकेंत २००३ सालीं उंदरांवर झालेला प्रयोग प्रसिद्ध आहे. पिवळ्या रंगाचे व पुढें लठ्ठ होणारे उंदीर एका विशिष्ट जनुकामुळें तसे होतात. त्यांच्या माद्यांना गर्भारपणाच्या आधींपासून फॉलिक अॅसिड, बी-१२ व मेथिल पुरविणारीं इतर द्रव्यें खाऊं घातलीं, तेव्हां तेंच जनुक घेऊन जन्मलेल्या पिलांतील पुष्कळ तपकिरी रंगाचीं निघालीं. बीज बदललें नव्हतें. त्याच्यावरील खुणा बदलल्या होत्या. मनुष्याच्या बाबतींत असा प्रयोग करणें शक्य नाहीं. परंतु इतिहासानें एक क्रूर प्रयोग करून ठेविला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिंवाळ्यांत, जर्मन सैन्यानें केलेल्या कोंडीमुळें हॉलंडच्या पश्चिम भागांत भीषण उपासमार झाली. त्या काळांत ज्यांचा गर्भ राहिला होता, अशा माणसांचें रक्त सुमारें साठ वर्षांनीं तपासण्यांत आलें. वाढीशीं संबंध असलेल्या एका जनुकावरील मेथिल खुणा त्यांच्या भावंडांच्या मानानें त्यांच्यांत कमी आढळल्या. आफ्रिकेंतील गँबिया देशांत पावसाळा म्हणजे मागील पीक संपलेलें व नवें हातीं न आलेलें, अशी ओढाताणीची वेळ. तेथें पावसाळ्यांत गर्भधारणा झालेल्या मुलांत व कोरड्या ऋतूंत गर्भधारणा झालेल्या मुलांत कांहीं जनुकांवरील खुणा वेगळ्या असतात, आणि त्यांचा आईच्या रक्तांतील पोषकद्रव्यांशीं संबंध लागतो, असें २०१४ सालीं दाखविण्यांत आलें.

भारतांतहि या दिशेनें काम झालें आहे. हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्राच्या राष्ट्रीय संशोधनकेंद्रांतील डॉ. गिरिराज चांडक यांनीं पुण्याच्या संशोधकांबरोबर केलेला एक अभ्यास २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत मुलांना वर्षभर बी-१२ दिल्यावर मधुमेहाशीं संबंधित अशा कांहीं जनुकांवरील मेथिल खुणांत फरक पडल्याचें दिसलें. २०१५ सालीं भारतीय व ऑस्ट्रेलियन संशोधकांनीं प्रसिद्ध केलेला उंदरांचा प्रयोग तर मन विषण्ण करणारा आहे. पन्नास पिढ्या अर्धपोटीं वाढविलेल्या उंदरांना पुढील दोन पिढ्या पोटभर अन्न दिलें. तरी त्यांच्या शरीराची मधुमेहाकडे असलेली ओढ गेली नाहीं, आणि इन्सुलिनच्या जनुकावरील बदललेल्या खुणाहि पूर्ववत् झाल्या नाहींत. त्या उंदरांच्या रक्तांतहि बी-१२ कमी व होमोसिस्टीन अधिक होतें. पिढ्यान् पिढ्यांच्या अर्धपोटीपणाची भरपाई एका पिढीच्या सुबत्तेनें होत नसावी, असा या प्रयोगाचा इशारा आहे.

तथापि येथें एक सावधगिरी अवश्य बाळगली पाहिजे. उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे; आणि रक्तांतील पेशींवर दिसलेली खूण म्हणजे रोग नव्हे. जनुकांवरील खुणांपैकीं कोणती खूण कोणत्या मुलास कोठें नेईल, हें भविष्य वर्तविण्याचें सामर्थ्य शास्त्रास अद्याप आलेलें नाहीं. म्हणून रक्ताच्या थेंबावरून बाळाचें नशीब सांगण्याचा, किंवा अमुक एक चूर्ण घेतल्यानें जनुकें सुधारतील असा दावा कोणी करूं लागला, तर सुशिक्षित माणसानें त्यास चार हात दूरच ठेवावें. या संशोधनानें सिद्ध केलें आहे तें एवढेंच कीं, गर्भावस्था ही शरीराची जडणघडण ठरण्याची वेळ असते, आणि त्या वेळीं उणीव राहिली तर ती पुढें भरून काढणें कठीण जातें.

खेड्यांतील त्या मुलांचें पुढें काय झालें? तीं अठरा वर्षांचीं झालीं तेव्हां त्यांची पुन्हां तपासणी झाली. तिचे निष्कर्ष २०२१ सालीं प्रसिद्ध झाले. जवळजवळ निम्मीं मुलें उंचीच्या मानानें वजनानें कमी होतीं. असें असूनहि मुलांपैकीं सुमारें ३७ टक्क्यांच्या व मुलींपैकीं सुमारें १८ टक्क्यांच्या रक्तांत साखर वाजवीपेक्षां अधिक होती. गर्भांत ज्यांची वाढ खुंटली होती त्यांत हा दोष विशेष दिसला. या अठरा वर्षांत खेडींहि बदललीं. शिरूर तालुक्यांत रांजणगांवासारख्या ठिकाणीं कारखाने उभे राहिले, पायवाटेची जागा मोटारसायकलनें घेतली, वडापाव आणि बिस्किटांचे पुडे दुकानोदुकानीं आले. टंचाईसाठीं घडलेलें शरीर सुबत्तेच्या बाजारांत येऊन पडलें. दुष्काळाच्या बेतानें खोदलेल्या विहिरींत पुराचें पाणी शिरावें, तशी ही अवस्था होय.

मग उपाय कोणता? बाई गरोदर राहिल्यावर तीन महिन्यांनीं दवाखान्यांत येणार, आणि जनुकांवरील खुणा मांडण्याचें बरेचसें काम तर तोपर्यंत उरकलेलें असणार. म्हणजे उपाय त्याच्याहि आधीं सुरू झाला पाहिजे. या विचारानें पुण्याच्या संशोधकांनीं २०१२ सालीं एक प्रयोग हातीं घेतला. पूर्वीं ज्यांचीं जन्मतः मापें घेतलीं होतीं, तीच मुलें आतां सतरा वर्षांच्या आसपास आलीं होतीं. त्यांचे गट पाडून कांहींना रोज दोन मायक्रोग्रॅम बी-१२, कांहींना त्याबरोबर इतर सूक्ष्म पोषकद्रव्यें, व कांहींना नुसती रिकामी गोळी देण्यांत आली. लोह व फॉलिक अॅसिड सर्वांनाच मिळत होतें. त्या मुली यथाकाल सासरीं गेल्या, त्यांना दिवस गेले, त्या बाळंत झाल्या, तरी पाठपुरावा सुटला नाहीं. ज्या मुलींना लग्नापूर्वींपासून बी-१२ मिळालें होतें, त्यांचीं मुलें दोन वर्षांच्या सुमारास समज व भाषा यांच्या चांचणींत रिकामी गोळी घेणाऱ्यांच्या मुलांपेक्षां सरस ठरलीं, असें २०२१ सालीं प्रसिद्ध झालें. दोन मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचे दहा लाख भाग करून त्यांतील दोन उचलावे, इतकी ती मात्रा! मुंबईंतील झोपडपट्ट्यांतहि डॉ. रमेश पोतदार व डॉ. फॉल यांनीं असाच प्रयोग केला होता. तेथें गोळीऐवजीं पालेभाजी, फळें व दूध यांपासून केलेला खाऊ गर्भधारणेपूर्वींपासून स्त्रियांना रोज दिला. २०१४ सालच्या अहवालांत त्याचा निष्कर्ष असा निघाला कीं, सर्व स्त्रियांचा एकत्र विचार केला तर बाळांच्या वजनांत ठळक वाढ झाली नाहीं. परंतु ज्या स्त्रिया मुळांत फार हडकुळ्या नव्हत्या, व ज्यांनीं दिवस जाण्यापूर्वीं निदान तीन महिने तो खाऊ घेतला होता, त्यांचीं बाळें कांहींशीं वजनदार झालीं. जी स्वतःच फार कृश आहे तिच्या अंगीं लागलेला घांस बाळापर्यंत पोहोंचत नसावा. तिचें पोषण कांहीं महिन्यांचें नव्हे, वर्षांचें काम आहे.

शहरांतील सुखवस्तु वाचक येथें म्हणेल कीं, ही खेड्यांतील गरिबीची कहाणी झाली. आमच्या घरीं कशाची वाण आहे? त्यास उत्तर पुण्यांतच मिळालेलें आहे. खेडीं, शहरांतील झोपडपट्ट्या व शहरी मध्यमवर्ग अशा तिन्ही थरांतील ४४१ मध्यमवयीन पुरुषांच्या रक्ताची तपासणी २००६ सालीं प्रसिद्ध झाली. त्यांत एकंदर ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी होतें. आणि शहरी मध्यमवर्गांत हें प्रमाण खेड्यापेक्षां कमी नव्हे, तर चांगलें ८१ टक्के होतें! भरल्या घरांतील ताटहि एका बाजूनें रिकामें असूं शकतें. वरण-भात, पोळी, तूप, भाजी, कोशिंबीर, सर्व यथासांग वाढलेलें असतें. परंतु दुधादह्याची वाटी लहान होत जाते, तिची जागा चहांतील चमचाभर दुधानें घेतलेली असते, आणि अंडें वर्ज्य असतें.

तेव्हां करावयाचें तें अवघड नाहीं. उपवर मुलीच्या, नव्या सुनेच्या व गर्भिणीच्या पानांत रोज पालेभाजी, एखादें फळ आणि दूध किंवा दही आलेंच पाहिजे. ज्या घरांत चालत असेल तेथें अंडीं किंवा मासे असावे. शाकाहारी घरांतील मुलीचें बी-१२ डॉक्टरांच्या सल्ल्यानें तपासून घ्यावें व उणीव असल्यास ती दिवस जाण्यापूर्वींच भरून काढावी. फॉलिक अॅसिडची गोळी मात्र कोणीं बंद करूं नये. गर्भधारणेच्या आधींपासून ती घेतल्यानें बाळाच्या पाठीच्या कण्यांतील व मेंदूंतील गंभीर व्यंगें टळतात, हें निर्विवाद सिद्ध झालेलें आहे. दोष फॉलेटचा नाहीं. तिच्या जोडीला बी-१२ नसण्याचा आहे. आणि ज्या बाईच्या पोटांत बाळ आहे, तिच्या डोक्यावरील हंडा व हातांतील खुरपें कांहीं दिवस दुसऱ्या कोणीं घेतलें, तर तेंहि पोषणच होय.

या सर्वांतून आईवर नवा ठपका ठेवण्याचा प्रकार मात्र होऊं नये. बाळ अशक्त निघालें, तर "हिनेंच नीट खाल्लें नाहीं" असें म्हणणें फार सोपें आहे. परंतु ताट वाढणारें कोण, दूध कोणाच्या पेल्यांत ओतलें गेलें, गोठ्यांतलें दूध विकून आलेले पैसे कशावर खर्च झाले आणि पंगतींत ती कितव्या वेळीं बसली, हे प्रश्न आधीं विचारले पाहिजेत. शिवाय त्या आईचें शरीर तरी कोणी घडविलें? तीहि कधीं काळीं कोणाच्या तरी उदरांत होती. मुलगी आईच्या गर्भांत वाढत असतांच तिच्या स्वतःच्या पोटीं पुढें येणाऱ्या मुलांचीं बीजांडें तिच्या शरीरांत तयार होत असतात. म्हणजे एका गर्भिणीच्या पानावर वाढलेलें अन्न एकाच वेळीं तीन पिढ्या जेवीत असतात.

म्हणून या संशोधनाचा आरंभबिंदु गर्भिणीच्या खोलींत नाहीं. तो घरांतील सात-आठ वर्षांच्या मुलीच्या ताटांत आहे. भावाला दुधाचा पेला आणि तिला चहाचा कप, हा हिशेब आज लहान दिसतो. परंतु त्याचें व्याज पंधरा-वीस वर्षांनीं तिच्या बाळाच्या शरीराला भरावें लागतें. खाण तशी माती हें खरें असेल, तर खाणीची निगा आधीं राखली पाहिजे.